खडकावर उतरण्याचे प्रकरण

गजानन चुरी गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी तारापूर येथे वारले. हृदयविकाराचा हा त्यांचा दुसरा झटका होता. तार मला दुपारी कचेरीत मिळाली. दूरच्या बेटांवरचे त्यांचे तिसरे पुस्तक, माझ्या समजुतीप्रमाणे, तेव्हा शेवटच्या प्रकरणाशी अडले होते.

पालघरच्या शाळेत ते आम्हाला भूगोल शिकवत. निवृत्त झाल्यावर तारापूरला केळीच्या वाडीत राहून त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक बेटांवरच्या पक्ष्यांचे, दुसरे तिथल्या एकाकी वस्त्यांच्या इतिहासाचे. मुंबईच्या ग्रंथालयातून जुनी सफरवर्णने मी घेऊन जाई. ते बोईसर स्टेशनवर येऊन थांबत आणि टांग्यात बसल्याबरोबर पहिले पुस्तक उघडत. तिसरे पुस्तक दक्षिण समुद्रातल्या एकाच बेटाविषयी होते. त्या बेटाला बंदर नाही. नाव खडकाला लावायची आणि माणसाने उडी मारायची. वाडीतल्या पुष्कळ माणसांप्रमाणे सर स्वतः कधी होडीत बसले नव्हते. लाट ओसरून नाव स्थिर झाली की लोक उडी मारत, असे त्यांनी लिहिले.

गेल्या हिवाळ्यात खडकावर उतरण्याचे हे शेवटचे प्रकरण त्यांनी शेजारच्या घिवली गावच्या रामा तांडेल या मच्छीमाराला वाचून दाखवले. मी बरोबर होतो. रामा जाळे विणत ऐकत होता.

"मास्तर, हा मानूस मेला."

"का रे?"

"लाट उतरली की नाव खाली जाते. खडक डोक्यावर येतो. पुढली लाट मानसाला नावेत नि खडकात चिरडते. उडी चढत्या लाटेवर, ती फुटायच्या आधी." मग जाळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "वाडीवाले तुमी. पानी केळीला घालायचं, एवढंच ठावं."

सर हसले नाहीत. "मला दाखव," म्हणाले.

पहिला झटका येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मुंबईच्या प्रकाशकाने हस्तलिखित मागितले होते. एक वाक्य बदला आणि पाठवून द्या, असे मी सांगितले. ते होडीतून जाणार हे कळल्यावर इंदिराबाईंनी, त्यांच्या पत्नीने, दोन दिवस अबोला धरला... सर आठवड्याने रामाच्या होडीतून गेले आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर उतरले. तिसऱ्या प्रयत्नात. गुडघा फुटला. परतल्यावर त्यांनी ते प्रकरण पहिल्या ओळीपासून लिहायला घेतले. एकेक पान ते चार-पाचदा लिहीत. मी पत्रातून घाई करत राहिलो. "बेटावरची माणसे चुकीच्या रीतीने उतरवून पुस्तक काढायचे नाही," असे त्यांनी एका कार्डावर कळवले.

चौदाव्यानंतर इंदिराबाईंनी मला पाने दिली. प्रकरण पुरे झाले होते. शेवटची ओळ सोमवारी रात्री लिहिली, असे त्या म्हणाल्या. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी ती पाने घिवलीला रामाला वाचून दाखवावीत, ही त्यांचीच सूचना. त्या स्वतःही आल्या.

रामा वाळूत बसून ऐकत होता. मधेच त्याने हात वर केला.

"दोर कोन धरतो, ते राहिलं."

पुढच्या पानावर ते होते. मी वाचले. त्याने तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला.

"जाऊ द्या मुंबईला," तो इंदिराबाईंना म्हणाला.

हस्तलिखित दुसऱ्या दिवशी तारापूरच्या टपाल कचेरीतून रजिस्टरने रवाना झाले. शनिवारी प्रकाशकाची पोच आली.