ताबडतोब उपलब्ध जमीन

आमच्या उद्योग खात्याच्या विभागीय कचेरीत गुंतवणूकदारांसाठी दर वर्षी एक पुस्तिका निघते आणि ती मी लिहितो. तिचं नाव साहेब बदलले की बदलतं. कधी 'उगवता विभाग', कधी 'संधींची भूमी', एका वर्षी नुसतंच 'या!' असं होतं. आत मात्र तेच ते. पाऊस पडत नाही असं लिहायचं नसतं, 'मुबलक सूर्यप्रकाश' असं लिहायचं असतं. पारावर बसलेली पोरं म्हणजे 'प्रशिक्षणास उत्सुक मनुष्यबळ'. उमरीकडे सोयाबीन, लातुरात डाळ मिल, आणि मुखेडच्या पुढं माळावर जे धोंडे पसरलेत, ज्यांना ठेचकाळून माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं, त्यांना 'ग्रॅनाइटचा समृद्ध साठा' म्हणायचं. हे लिहिताना मला कधी लाज वाटली नाही. उलट मजा यायची. कुणी वाचत नाही याची खात्री असली की माणूस फार मोकळेपणानं लिहितो.

मागच्या साली नवे साहेब आले. त्यांना शब्द नको होते, तक्ता हवा होता. गाव, गट क्रमांक, क्षेत्र, सध्याचा वापर, उपलब्धता. लातूरला गुंतवणूक परिषद तोंडावर आलेली. "गुंतवणूकदाराला जमीन दाखवा, जमीन! कविता नको," असं ते माझ्याकडं बघून म्हणाले. मी कॉम्प्युटरवर सात-बारा उघडले आणि जिथं जिथं मालक म्हणून सरकार आणि प्रकार म्हणून गायरान दिसलं, ते सगळे गट तक्त्यात ओढले. सध्याच्या वापरासमोर पहिल्या ओळीत 'पड' लिहिलं, उपलब्धतेसमोर 'ताबडतोब', आणि माऊसनं ती ओळ धरून शेवटपर्यंत खाली ओढली. पाच तालुक्यांचं गायरान मी चहा गार व्हायच्या आत रिकामं केलं.

परिषद एका मंगल कार्यालयात झाली. बाहेर कोचिंग क्लासचे एवढे फ्लेक्स होते की पाहुणे आधी तिकडंच वळत होते. आत आले त्यात निम्मे इतर कचेऱ्यांतले अधिकारी, तिघं क्लासवाले, एक डाळ मिलवाले काका आणि शेडनेट विकणारा एक मनुष्य, जो सगळ्यांना गुंतवणूकदार समजून पत्रकं वाटत होता. जेवायचे दोन रंगांचे पास होते. गुंतवणूकदारांच्या बाजूला गुलाबजाम होते आणि कर्मचाऱ्यांच्या बाजूला नव्हते, त्यामुळं दुपारपर्यंत विभागातल्या गुंतवणूकदारांची संख्या चांगलीच वाढली. सामंजस्य करारावर सह्या झाल्या. फोटोत मोठी दिसावी म्हणून करारांची फाईल आम्ही कोऱ्या कागदांनी फुगवली होती.

अशा ठिकाणी माझ्या पुस्तिकेचा उपयोग वारा घ्यायला होतो. पण हैदराबादचे एक गृहस्थ ती वाचत बसले होते. स्वयंपाकघराचे ओटे, पायऱ्या, फरशा असा त्यांचा दगडाचा धंदा. त्यांनी मला बोलावलं, जुनं ग्रॅनाइटचं पान दाखवलं आणि मागच्या तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "साब, ये पत्थर किदर है? जमीन खाली है बोले तो पक्का खाली?"

माझी छाती फुगली. इतक्या वर्षांत पहिला वाचक भेटला होता! मी म्हणालो, "एकदम खाली. ताबडतोब उपलब्ध." मग ओळ नीट पाहिली तर गाव माझंच होतं.

तरीही मला काही वाटलं नाही. आमच्या गावचा माळ मोठा आहे, गट दोन-तीन आहेत, त्यातला एखादा असेल. गावात कारखाना येणार आणि तो मी आणणार, एवढंच डोक्यात. मी तिथूनच घरी फोन लावला. वडील खूश झाले, मग म्हणाले, "पर कुठलं रान रं?" मी गट क्रमांक सांगितला. ते म्हणाले, "त्यो नंबर मला काय म्हाईत. आपल्याला कधी लागलाय का नंबर?"

खरंच लागला नव्हता. गावात ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना गट क्रमांक तोंडपाठ असतो. सोयरीक जुळवताना सांगतात, विम्याचा फॉर्म भरताना सांगतात, भांडताना तर आधी तोच सांगतात. आमच्या रानाला आम्ही 'टेकाडाखालचं' म्हणायचो. माझ्या आजोबांनी, म्हणजे आण्णांनी, ते धोंडे फोडून, वेचून तयार केलं. आमच्या बौद्धवाड्यातल्या चौदा घरांची तिथं अशीच रानं आहेत, गायरानावर, शेजारी शेजारी. नावावर करून द्या म्हणून आजोबांनी अर्ज केले, वडिलांनी केले. सात-बारा कधी निघाला नाही. त्या चार एकरांतल्या तुरीवर आणि सोयाबीनवर मी लातुरात शिकलो, परीक्षा दिली, नोकरीला लागलो आणि ज्या कचेरीत लागलो तिथं बसून ते रान पड आहे असं लिहिलं. अशी चूक जमीनदाराच्या पोरानं केली नसती. त्याला नंबर ओळखू आला असता.

पाहणीला आम्ही जीपनं निघालो. पुढं साहेब आणि ते गृहस्थ, मागं मी. मोबाईल रस्ता सांगत होता. गावाबाहेरच्या ओढ्यापाशी त्यानं डावीकडं वळायला सांगितलं. पुढं फक्त आमच्या वाड्याची रानं लागतात, पहिलं आमचं. मी मनात म्हणत होतो, नेटवर्क गेलं असेल, हे यंत्र चुकत असेल. यंत्र अजिबात चुकलं नाही. जीप आमच्या बांधावर जाऊन उभी राहिली आणि मोबाईल म्हणाला, तुम्ही पोहोचला आहात.

तूर छातीला लागत होती. फुलोऱ्यात होती. वडील तुरीतून विळा हातात घेऊन बाहेर आले. त्यांनी जीप पाहिली, साहेबांना पाहिलं, मग मला पाहिलं. माझ्या हातातल्या तक्त्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी डोक्याचा गमजा काढला आणि मला म्हणाले, "या साहेब."

मला! ज्याला परवापर्यंत फोनवर 'जेवलास का रं' विचारत होते, त्याला.

"हे अतिक्रमण कुणाचं?" आमच्या साहेबांनी विचारलं.

"मी मजूर हाय साहेब."

"मग मालक कुठाय?"

"मालक न्हाई हितं. सरकारचं रान हाय म्हन्तेत."

"आणि ही तूर कुणी पेरली?"

वडिलांनी तुरीकडं वळून असं पाहिलं की जणू त्यांनाही ती आत्ताच दिसत होती. म्हणाले, "आता उगवली हाय खरी."

साहेब मोठ्यानं हसले. मी हसलो नाही, पण गप्प बसलो, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. 'हे माझे वडील' एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते मला तिथं सुचलं नाही असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं. धीर झाला नाही.

हैदराबादचे गृहस्थ टेकाडावर चढले. खिशातली हातोडी काढून धोंड्यावर चार ठिकाणी मारून पाहिली, कान देऊन ऐकलं, थोडं पाणी ओतून रंग बघितला. खाली येऊन म्हणाले, "पत्थर बहोत अच्छा है साब. नंबर एक." माझ्या पुस्तिकेत इतक्या वर्षांत एकच गोष्ट खरी निघाली आणि ती नेमकी ही. त्यांनी तुरीकडं हात करून विचारलं, "और ये खेती?" आमचे साहेब म्हणाले, "वो कुछ नहीं. हट जायेगी." वडिलांनी सगळ्यांना कळशीतलं पाणी दिलं. शेवटी मला दिलं, दोन्ही हातांनी, "घ्या साहेब" म्हणून.

पाहणीचा अहवाल मलाच लिहायचा होता. त्यात शेवटचा रकाना असतो, 'अडचणी'. तो आम्ही रिकामा सोडत नाही, त्यात 'निरंक' असं लिहितो, म्हणजे अडचण नाही हे आम्ही तपासलंय असं दिसतं. साहेब टेबलापाशी येऊन सांगून गेले, "निरंक टाका आणि पाठवा."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन वडिलांना फोन केला. "मजूर का म्हणालात?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मंग काय म्हनू? साहेबाच्या बापाचंच अतिक्रमन हाय म्हनू? तुझी नौकरी गेली म्हंजी?"

"आता लिहायचंय मला. अडचण आहे का विचारलंय."

"'न्हाई' म्हनून लिही. तू लिहून ऱ्हायलास म्हंजी तुझ्या हातात हाय. माझं नाव काढू नको."

"'नाही' लिहिलं तर रान जाईल, बाबा."

"आन 'हाय' लिवलं तर?"

"तरी जाईल कदाचित. नावानिशी नोटीस येईल. पण मग कुणाला हे रान पड होतं असं म्हणता येणार नाही."

मागं शेळीचा आवाज येत होता. मग "तुला कळंल तसं कर" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी आत येऊन 'सध्याचा वापर' समोरचं 'पड' खोडलं आणि 'शेती' लिहिलं. अडचणींच्या रकान्यात चौदाही घरांची नावं लिहिली, कुणाचं रान किती, कुणाच्या आज्यानं फोडलं तेही लिहिलं. सगळ्यात वर वडिलांचं नाव, आणि पुढं 'अहवाल लिहिणाऱ्याचे वडील'. एवढी साधी, सरळ मराठी मी त्या कचेरीत पहिल्यांदाच लिहीत होतो.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "अहो, ते म्हातारे..." एवढंच म्हणाले आणि चष्मा काढला. मग त्यांच्यातला साहेब परत आला. "हे तुमच्या अंगाशी येईल. मी फक्त पुढं पाठवतो, खाली सही तुमची करा." मी केली. चूक माझी होती, तक्ता माझा होता, सहीही माझीच असायला हवी होती.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं की कागद गेला. नोटीस येऊ शकते, माझीही चौकशी होऊ शकते, वाड्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ते भडकतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "नाव पुरं लिवलंस का नुसतं माझं?"

"पूर्ण लिहिलं."

"मधी माझ्या बापाचं हाय न्हवं?"

"आहे."

"त्या रानाच्या नंबरासंगट? एकाच कागदावर?"

"हो. एकाच ओळीत आहे."

पलीकडं ते माझ्या मायला हाक मारत होते. "आगं, आण्णांचं नाव लागलं म्हन कागदाला," असं तिला सांगितलं, आणि मग मला, आवाज सांभाळत, "अडचन म्हनून का व्हईना. लागलं तर खरं."