तेरावं रीळ

शेवट कळलाच नाही असा सिनेमा पाहून तुम्ही बाहेर पडलात, तर संशय कुणावर घेता? पडद्यावरच्या माणसांवर, की तो दाखवणाऱ्यावर? जरा विचार करून उत्तर द्या. मी विचार न करता दिलं होतं, आणि ते छापूनही टाकलं होतं.

अड्याळहून पवनीकडे जाताना आमचं गाव लागतं. शनिवारी बाजार भरतो. बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ असतो. टॉकीज मालगुजाराच्या पुतण्याची. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कागदावरून गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण लोक त्या घराला अजून मालगुजाराचंच घर म्हणतात. मीही म्हणते, दातओठ खाऊन.

टॉकीजमध्ये मशीन एकच आहे. एक रीळ संपलं की पडदा कोरा होतो, दोन पिवळे दिवे लागतात, आणि ऑपरेटर दुसरं रीळ चढवेपर्यंत लोक शेंगा फोडत बसतात. सिनेमाच्या आधी सरकारी प्रमाणपत्र दिसतं, त्यावर रिळांचा आकडा असतो. ते पडद्यावर आलं की पुढच्या बाकांवरून कुणीतरी आकडा मोठ्यानं वाचतो, आणि मग अख्खी टॉकीज दिवे किती वेळा लागले ते मोजते. तशी सवयच पडली आहे, आणि ती उगीच पडलेली नाही. बाजारकरूंची शेवटची बस साडेपाचची. सिनेमा लांबला की मालकाच्या सांगण्यावरून एखादं गाणं, एखादं रीळ वगळलं जातं. त्याला आमच्याकडे 'रीळ खाणं' म्हणतात. दोनतीनदा ते उघडकीला आलं आहे, एकदा तर नायिकेचं लग्न न होताच तिला मूल झालं होतं.

मी विशीतली. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. बाबा पोस्टात कामाला आहेत. त्यांच्या लोखंडी पेटीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त. विहिरीबद्दलची, मजुरीबद्दलची, शाळेबद्दलची, निवडणुकीची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. पाठ्यपुस्तकात 'कमळ बघ' होतं, आणि आमच्या पेटीत 'जाब विचारा' होतं. मला दुसरं वाक्य आवडायचं.

टॉकीजचे ऑपरेटर आमच्याच मोहल्ल्यातले, बाबांचे मित्र. मी त्यांना काका म्हणते. मालगुजाराच्या वाड्यात ज्यांच्या बापाला पायरीखाली उभं राहावं लागे, त्यांच्या हाती त्या घरची मशीन होती, आणि मोहल्ल्याला याचं अप्रूप होतं. मला मात्र शंका यायची. मालकाची चाकरी करणारा माणूस मालकाचाच होतो, असं मी कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं.

त्या शनिवारी खुनाचा सिनेमा आला. पोस्टरवर पिस्तूल होतं. पडद्यावर ते शेवटपर्यंत दिसलं नाही.

गोष्ट एवढीच. मालगुजाराच्या घरची एक कामकरीण तलावात मेलेली सापडते. इन्स्पेक्टर येतो, ओसरीवर बसतो आणि एकेकाला बोलावून प्रश्न विचारतो. गाणं नाही, मारामारी नाही. नुसतं बोलणं, मध्ये चहा, पुन्हा बोलणं.

प्रमाणपत्र आलं तेव्हा "तेरा!" असा पुकारा झाला होता. मी वहीत आकडा लिहून घेतला. दर वेळी दिवे लागले की एक रेघ.

दुसऱ्या रिळापासूनच कुजबुज सुरू झाली. मी बायकांच्या बाजूला बसले होते. माझ्या शेजारी धानाच्या रोवण्याला जाणारी एक मजूर बाई होती, मांडीवर बाजाराची पिशवी, पिशवीत वांगी.

"हे लोक बोलूनच रायले काहून?" ती म्हणाली.

"तपास करून राहिले, मावशी."

"असा तपास तर मीबी करीन. तिसऱ्यांदा चहा पेऊन रायला तो."

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "साहेब, द्या ना एक कानाखाली, सांगन लगेच."

"त्याले कसा मारन बे? मालक हाय तो."

टॉकीज हसली. वरच्या खुर्च्यांवर मालगुजाराचा पुतण्या बसला होता. तो हसला की नाही, ते मी वळून पाहिलं. तो तपकिरीची डबी उघडत होता.

मग मारामारी येणार नाही हे लोकांना कळून चुकलं, आणि त्यांनी स्वतःच तपास हाती घेतला. पडद्यावर इन्स्पेक्टर एकाला विचारी, इकडे बाकांवर सगळे एकमेकांना.

"दिवाणजी पाहा. हात सारखा धोतराले पुसते."

"नाही जी. मालकीण. लय गोड बोलून रायली."

"गोड बोलणं का गुन्हा हाय? मंग तुमची साळी फाशी जाईन."

"जो सगळ्यात कमी बोलला तो खुनी. मी सांगतो, लिहून ठेवा."

"मंग त्या बैलानं मारलं असंल. तो एक शब्द नाही बोलला."

मावशीचा मात्र इन्स्पेक्टरवरच संशय होता. "हा कोठून आला? याचं कोणी काही विचारून नाही रायलं." मला तिचं म्हणणं अगदी पटलं. मी तेही वहीत लिहिलं.

शेवटाकडे मेलेल्या बाईची आई ओसरीखाली येऊन बसते. इन्स्पेक्टर तिला काहीतरी विचारतो. तेव्हा मी बोटांवर हिशेब लावत होते, कारण दिवे लागायची वेळ झाली होती आणि ते लागत नव्हते. मागच्या बाकांवरही तीच चुळबुळ होती. "लाईट नाही लागला." "अरे, नाही लागला." आई बोलत होती, आणि आम्ही मोजत होतो. मग इन्स्पेक्टर वही मिटतो, बसमध्ये चढतो, खिडकीशी बसतो. पडद्यावर 'समाप्त'. दिवे लागले.

ही शेवटची धरून माझ्या वहीत बारा रेघा होत्या.

"रीळ खाल्लं!" कोण पहिल्यांदा ओरडलं ते मला ठाऊक नाही. मी दुसरी होते, एवढं ठाऊक आहे. लोक मशीनच्या खोलीच्या जिन्याशी गेले. काका दारात आले आणि म्हणाले, "पुरा हाय सिनेमा. तेरा रिळं लावली." कुणी ऐकलं नाही. साडेपाचच्या बसनं अर्धी टॉकीज गेली, आणि बसमध्येही तीच गोष्ट गेली.

मला सगळं लख्ख दिसत होतं. पडद्यावर मालगुजार खुनी ठरणार होता, टॉकीज मालगुजाराची होती, म्हणून शेवटचं रीळ गायब. यापेक्षा सरळ हिशेब कुठला? मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'शेवटचं रीळ कुणाच्या पोटात?' खाली लिहिलं की धन्याच्या इशाऱ्यावर मशीन चालवणारे हात जनतेचे नाहीत, आणि हा जनतेचा आवाज आहे. काकांचं नाव घातलं नाही, याचा मला अभिमानही वाटला. पण गावात मशीन चालवणारे हात दोनच होते. पवनीहून पिवळ्या कागदावर छापून आणलं आणि पुढच्या बाजारात वाटलं.

तिसऱ्या दिवशी मालकानं काकांना कामावरून काढलं. टॉकीजच्या दारावर पाटी लागली, की रसिक जनतेच्या तक्रारीची दखल घेऊन ऑपरेटरला दूर करण्यात आलं आहे. तक्रार मी मालकाविरुद्ध केली होती. दखल त्यानं आपल्या सोयीची घेतली.

बाबांनी पत्रक वाचून त्याची घडी घातली. पेटीत ठेवलं नाही.

"तू त्याले विचारलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काय विचारायचं? त्यांनी कबूल केलं असतं?"

"विचारलं होतं का, एवढंच सांग."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. काका अंगणात सायकलची साखळी धूत होते. काकूंनी मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच विचारलं. काकांनी हात पुसले.

"शेवटची दोन रिळं, बारावं पुरं अन तेरावं लहान, पावभर. मी शुक्रवारी एकटाच लावून पाहिली. तो पोलिस मायले विचारते अन रीळ खतम. तिचं उत्तर पुढच्या रिळात. म्हटलं, माय बोलून रायली अन मी मधात लाईट लावू? लोक शेंगा फोडन, शिट्या मारन. म्हणून दोन्ही जोडली अन एकाच चकरीवर चढवली."

"मग तिथे का नाही सांगितलं?"

"सांगितलं ना बाई. तेरा म्हटलं. तूच खाली उभी होती."

"मालकाला?"

"त्याले ठाऊक हाय. तो तर म्हणे, दोन रिळं काढून टाक, लोक कंटाळतीन. मी नाही म्हटलं."

मी विश्वास ठेवला का? नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणीही ठेवला नाही. सिनेमाच्या रिळांची पेटी पुढच्या मुक्कामी भंडाऱ्याला गेली होती. मी बस धरून भंडाऱ्याला गेले आणि दुपारचा खेळ पाहिला. तिथे दोन मशिनी, दिवे मध्ये लागतच नाहीत, त्यामुळे मोजायला काही नव्हतं. मला पहिल्यांदा नुसतं ऐकावं लागलं. इन्स्पेक्टर आईला विचारतो, तुझा संशय कुणावर आहे? ती मालगुजाराच्या ओसरीच्या खांबाकडे पाहते. मग म्हणते, नाव सांगते साहेब, पण ते तुम्ही लिहाल का? त्याची लेखणी वहीवर तशीच राहते. मग तो वही मिटतो. बस, खिडकी, समाप्त.

सगळं त्यातच होतं. खुनी कोण तेही होतं, आणि तो का सापडत नाही तेही. जे रीळ खाल्लं म्हणून आम्ही ओरडलो, ते काकांनी जोडून आमच्या ताटात वाढलं होतं.

माझ्या शेजारचा माणूस उठता उठता म्हणाला, "शेवट कापला वाटते."

परत आल्यावर मी मालकाकडे गेले. त्याला सांगितलं की चूक माझी आहे, काकांना परत घ्या. हेही विचारलं, की दोन रिळं काढायला तुम्ही सांगितलं होतं का. तो हसला. त्या हसण्यावर मी पूर्वी अख्खं पत्रक लिहिलं असतं. पण हसणं हा पुरावा नव्हे.

"तू एकटी म्हणतेस सिनेमा पूर्ण होता," तो म्हणाला. "तीनशे माणसं म्हणाली अपुरा होता. जनतेचा आवाज, तूच लिहिलंयस ना बाई? त्या तीनशेतले पंचवीस आण. माझ्यासमोर म्हणू देत की आम्ही चुकलो. दुसऱ्या दिवशी त्याला मशीनवर बसवतो."

त्याला वाटतं पंचवीस मिळणार नाहीत. मला भीती आहे की त्याचं बरोबर आहे. मी दारोदार फिरते आहे. एक म्हणतो, "मी सोता मोजले, बाराच होते." दुसरा म्हणतो, "या खेपेले नसंल खाल्लं, पण मागं तर खाल्लंच होतं ना." पानठेल्यावर एकानं विचारलं, "मालगुजारानं तुले चहा पाजला वाटते?" लोकांना संशय घ्यायला मी शिकवलं, आणि आता माझ्यावर घेतात, यात रागवण्यासारखं काही नाही. मावशी मात्र तयार झाली. रोवण्यावरून येताना चिखलाच्या पायांनीच मालकाच्या ओसरीपर्यंत गेली आणि सांगून आली की मायचं बोलणं मी ऐकलं होतं, पण तुम्हा शहाण्यांच्या मोजणीनं मले समजू नाही दिलं. तिच्यासकट आम्ही पाच झालो आहोत. काका तोवर दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त करतात. टॉकीजच्या बाजूनं जायचं असलं तर मागच्या गल्लीनं जातात.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. त्या शनिवारी दुपारी तुम्ही आमच्या टॉकीजमध्ये असाल, बाजाराला आला असाल, नाकाडोंगरीहून पाहुणे म्हणून आला असाल, साडेपाचच्या बसमध्ये ही गोष्ट पुढे सांगितली असेल, तर येत्या बाजारी मालकाच्या ओसरीवर जा आणि मोठ्यानं सांगा की सिनेमा पूर्ण होता, आम्ही मोजण्यात चुकलो. त्या दिवशी शेजारी जो बसला होता, त्यालाही सोबत न्या.