खळ दिलेले कान

सकाळ ढगाळ, दमट होती. कपडे वाळायचं नाव घेत नव्हते. लाँड्रीवाल्या मावशीनं ओल्या चादरी पंख्याखाली टांगल्या, दुकान बहिणीवर सोपवलं आणि कार्टूनमधल्या सशाचा स्वतः शिवलेला पोशाख घालून ती कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून जमायच्या, मेळाव्याला गेली. कुणीतरी आपणहून फोटो मागावा, एवढीच तिची इच्छा होती.

बराच वेळ कुणी फिरकलं नाही. शेवटी एक पोरगी म्हणाली, "मावशी, त्या सशाचे कान लोंबतात हो. तुमचे तर खांबासारखे उभे!"

हाताच्या सवयीनं मावशीनं कानांनाही कडक खळ दिली होती.

"हात्तिच्या!" म्हणत तिनं बाटलीतलं पाणी कानांवर शिंपडलं. कान लोंबले.

"आता थांबा, फोटो काढू द्या."

मावशी सशासारखे गाल फुगवून उभी राहिली.

संध्याकाळी बहिणीनं विचारलं, "मागितला का गं कुणी फोटो?"

"एकीनं," म्हणत तिनं गिऱ्हाइकाचा सदरा इस्त्रीला घेतला.