सातवा मुद्दा: हीटर

आमच्या घराच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली आहे. घर बंद करून बाहेरगावी निघताना करायच्या अकरा गोष्टी. गॅसचा रेग्युलेटर काढणे, पाण्याचा मुख्य कॉक फिरवणे, असं करत शेवटी मेन स्विच खाली. पनवेलहून दोन दिवसांसाठी अलिबागला निघालो तरी मी ती मोठ्याने वाचतो आणि घरातल्यांनी एकेका मुद्द्याला "हो" म्हणायचं. बायको म्हणते, लग्नातसुद्धा तिला इतक्या वेळा हो म्हणावं लागलं नव्हतं.

मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला कॅनडाला गेली. तिथे एका जुन्या लाकडी घरात चार मुली भाड्याने राहतात. हिची खोली तळघरात. नाताळच्या सुट्टीत बाकीच्या तिघी आपापल्या घरी गेल्या. हिला एका मैत्रिणीच्या घरून पाच दिवसांसाठी बोलावणं आलं, बसने चार तासांवर. म्हणजे घर पूर्ण बंद राहणार, आणि सर्वांत शेवटी बाहेर पडणार आमची मुलगी.

मी तिच्यासाठी दहा मुद्द्यांची वेगळी यादी केली. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तो मुद्दा काढला. नऊ उरले. ती निघायच्या अर्धा तास आधी फोनवर मी यादी वाचली.

"सात. हीटर बंद केलास का?"

"हो बाबा."

"भिंतीवरच्या बटणापाशी जाऊन बघ."

"बघितलं. बंद आहे. आठवा सांगा."

सकाळी उठलो तेव्हा तिचा "पोहोचले" असा मेसेज आला होता. मला बरं वाटलं. साडेअकराला खाली गेलो. त्या संध्याकाळी सोसायटीची पोपटी होती. आमच्याकडे हिवाळ्यात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून भोवती जाळ करतात, ती पोपटी. शेजारच्या वहिनी शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या लेकीकडे कॅनडात दोन हिवाळे राहून आलेल्या.

"लेक काय म्हणते, भाऊजी?"

मी सांगितलं. यादीचंही सांगितलं, थोडं कौतुकानेच.

वहिनींचा शेंगांवरचा हात थांबला. "हीटर बंद करून गेली? अहो, तिकडे थंडीत कोणी हीटर बंद करतं का? पाइपमधलं पाणी गोठतं, पाइप फुटतो. आमच्या जावयांच्या शेजाऱ्यांचं अख्खं तळघर भरलं होतं. सगळं सामान वर तरंगत होतं."

"किती वेळात?"

"ते मी मोजत बसले नव्हते. पण किती आहे तिकडे?"

उणे एकोणीस. रोज सकाळी बघतो, त्यामुळे पाठ होतं.

वर येऊन मी हिशोब मांडला. तिला घर सोडून पंधरा तास झाले होते. तिथे आता रात्रीचा एक. कॉक उघडाच, कारण तो मुद्दा मीच काढला होता. म्हणजे पाइप फुटला तर पाणी थांबणार नाही. तिची पुस्तकं आणि प्रमाणपत्रांची बॅग तळघरात, जमिनीवर. ते एकवेळ सोडा. पण घर खराब झालं तर घरमालकीण तिला ठेवील का? भर हिवाळ्यात, सगळी ऑफिसं बंद असताना, ती राहायला कुठे जाणार?

मी फोन केला. वाजून थांबला. पुन्हा केला. मेसेज टाकला, दोन करड्या खुणा आल्या.

"झोपली असेल ती," बायको म्हणाली. "परक्या घरी आहे. किती वेळा वाजवाल?"

"घरमालकिणीचा नंबर आहे माझ्याकडे."

"हो, करा. रात्री एक वाजता त्या बाईला उठवून सांगा, आमच्या मुलीने तुमचं घर गोठवलंय."

"मुलीने नाही, मी."

तिने फोन माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवला. ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारी जेवलो नाही. घरमालकिणीला पाठवायचा मेसेज तीन वेळा लिहिला, तीन वेळा पुसला. चूक मुलीच्या नावावर जाऊ नये आणि खोटंही लिहू नये, असं वाक्य मला जमेना. ते घर किती तासांत थंड होईल हेही काढू पाहिलं, पण भिंतींची जाडी माहीत नव्हती. बायको दोनदा चहा करून ठेवून गेली. चार वाजता खाली पोरांनी लाकडं आणून टाकली, तो आवाजही मला पाइप फुटल्यासारखा वाटला.

सहा चाळीसला तिचा फोन आला. "बाबा, अकरा मिस्ड कॉल? आई ठीक आहे ना?"

मी एका दमात सगळं सांगितलं. घरमालकिणीला आत्ताच्या आत्ता फोन कर, म्हटलं.

ती म्हणाली, "बाबा, हीटर चालू आहे. पंधरावर ठेवून आलेय. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कधीही बंद करायचा नाही."

"मग तू हो म्हणालीस."

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही का विचारलं असतं. मग मी सांगणार, मग तुम्ही आणखी विचारणार. माझी बस गेली असती."

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी खुर्चीत बसलो. घर वाचलं होतं, तिची खोली वाचली होती. आता निवांत व्हायला हवं होतं.

पण मी विचारलं, "आणि बाकीचे आठ?"

"बाबा!"

"ते राहू दे. तुला थंडी वाजते का?" चार महिने हा प्रश्न मी रोज विचारत होतो. उत्तर रोज एकच यायचं, नाही, सवय झाली.

"खरं सांगू?"

"सांग."

"खूप वाजते. बसची वाट बघताना रडू येतं. आणि ते पाणी गालावर गार होतं."

बायकोचं हसू थांबलं. दुहेरी मोजे घाल, कान झाक, आल्याचा चहा घे, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते बोललो नाही. म्हटलं, "अजून सांग."

ती सांगत गेली.