तालुक्यात पहिल्या आलेल्या मॅम पुरिंग

लुबांगनच्या शाळेच्या फाटकावर मॅम पुरिंगचा चेहरा लागला तो एका सोमवारी. त्या दिवसापासून मॅम पुरिंग मागच्या बाजूनं, केळीच्या बागेतून शाळेत येऊ लागल्या.

बॅनर चांगला दोन माणसं उंच होता. आमच्या बोहोल बेटावर कुणाची पोर नर्सिंगची परीक्षा पास झाली, कुणाचा मुलगा बोटीवर कामाला लागला, कुणी सौंदर्यस्पर्धेत तिसरी आली, तरी त्यांचा फोटो रस्त्यावर झळकलाच पाहिजे. नाही झळकला तर घरच्यांना पोरांचं काही कौतुकच नाही, असं शेजारीपाजारी बोलतात. या बॅनरवर लिहिलं होतं, ‘वर्गातील तंत्रज्ञान : ऑनलाइन अभ्यासक्रमात तालुक्यात प्रथम! मॅम पुरिफिकासियोन लुमायाग, लुबांगनचा अभिमान!’ खाली गावच्या कप्तानाचा हसरा फोटो. त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, पण गावच्या प्रमुखाच्या फोटोशिवाय आमच्याकडे बॅनर छापतच नाहीत. छापणाऱ्यानं हौसेनं मॅमच्या सुरकुत्या पुसून गाल गुलाबी केले होते. निवृत्तीला टेकलेली बाई लग्नाला उभी राहिल्यासारखी दिसत होती.

सगळ्यांत खूश होता त्यांचा नवरा तोमास. तो आपली तीनचाकी मुद्दाम फाटकासमोर थांबवायचा आणि उतारूंना सांगायचा, “ही बघा माझी बायको. घरात टीव्हीचा रिमोट चालवता येत नाही हिला, पण कॉम्प्युटरमध्ये सगळ्या तालुक्याला मागे टाकलं.”

रिमोट चालवता येत नाही हे खरं होतं. बाकीचं खोटं होतं.

त्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा तेवढा मॅम पुरिंगनी उघडला होता. पडद्यावर मनिलाचा एक तरणाताठा मास्तर भराभर बोलत होता आणि चौकोनाचौकोनात तालुक्यातले शिक्षक बसले होते. मॅमना वाटलं आपण नीट बसलोय. मधेच मास्तर म्हणाला, “मॅम पुरिफिकासियोन, तुमचं छत फार सुंदर आहे, पण आम्हाला तुम्ही दिसत नाही.” सगळे चौकोन हसले. मॅमनी घाईघाईनं कुठलंतरी बटण दाबलं, तर छत गेलं आणि त्यांचा आवाज सुरू झाला. त्या तोमासला ओरडून सांगत होत्या, “अरे डुकरांना खायला घाल की!” तेही सगळ्या तालुक्यानं ऐकलं. त्यांनी लॅपटॉप फटकन मिटला. इतकी वर्षं पोरांपुढे ताठ उभी राहिलेली बाई, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. पुन्हा तो धडा उघडायची त्यांची छाती झाली नाही.

पण सर्टिफिकेट सक्तीचं होतं. नाही मिळालं तर वर्षाच्या शेरेपुस्तकात डाग. आणि मॅम पुरिंगच्या शेऱ्यांना आजवर डाग नव्हता.

मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या लोरेलीला गाठलं. लोरेली चौथीला शिकवायची. पोरगी हुशार, कॉम्प्युटरला जन्मापासून सरावलेली, पण कितीतरी वर्षं कंत्राटावरच होती. दर उन्हाळ्यात तिची नेमणूक संपायची आणि शाळा उघडताना पुन्हा मिळेल का, म्हणून तिचा जीव टांगणीला लागायचा. तिचं अक्षर मात्र कोंबडीनं उकरल्यागत. आणि आमच्या शाळांमध्ये अजून तपासणीला माणूस आला की आधी भिंतीवरचे तक्ते बघतो. मॅम पुरिंगचे मनिला पेपरवरचे, म्हणजे मोठ्या पिवळट कागदावरचे तक्ते म्हणजे गावात बोलायचा विषय. रेघ हलणार नाही, अक्षर वाकणार नाही.

“इंदाय,” मॅम तिला म्हणाल्या. इंदाय म्हणजे आमच्याकडे धाकटीला लाडानं मारायची हाक, तशी थोरलीला मानानं ‘नांग’. “तुझे वर्षभराचे तक्ते मी काढून देते. तू माझं ते भूत उतरव.”

“दोनदा करायचा कोर्स?” लोरेली हसली. “नांग पुरिंग, माझे डोळे जातील. पण द्या पासवर्ड. की तोही मीच ठरवू?”

“तूच ठरव, बाई.”

ठरलं ते इतकं सहज. लोरेलीनं आधी स्वतःचा कोर्स केला, त्यात ठेचा खाल्ल्या, उत्तरं चुकवली. मग मॅमच्या नावावर तोच कोर्स पुन्हा केला, तेव्हा सगळ्या ठेचा तिला पाठ होत्या. व्हायचं तेच झालं. लोरेलीचं नाव यादीत मधेच कुठेतरी आलं आणि मॅम पुरिंग तालुक्यात पहिल्या आल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर दोघी पोट धरून हसल्या असत्या. हसल्याही, पहिल्या दिवशी. पण पहिल्या येणाऱ्याला सेबू शहरात प्रशिक्षणाला पाठवून तालुक्याचा प्रशिक्षक करणार होते, आणि प्रशिक्षक होऊन आलेल्या कंत्राटी शिक्षकाला कायम करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅम पुरिंगना ते प्रशिक्षकपद नकोच होतं. लोरेलीला त्याच्याशिवाय दुसरी वाट नव्हती. आणि ते तिच्याच हातानं मॅमच्या पदरात पडलं होतं. बॅनर टांगताना शिडी धरायला कुणी नव्हतं, तर लोरेलीनं धरली. मॅम पुरिंगनी खिडकीतून ते पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या एकदा मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत गेल्या. सर अनासेतो फोनवर होते. यांना बघून त्यांनी फोन हातानं झाकला. “या, या मॅम! तुमच्या कॉम्प्युटरवरच्या धड्याचं प्रात्यक्षिक बघायला पाच शाळांचे शिक्षक येतायत. मॅम क्लोटिल्डे स्वतः येतायत तालुक्याहून. मी अख्खं डुक्कर भाजायला सांगितलंय! काय म्हणत होतात?”

“काही नाही, सर. खडू संपलेत.”

परत येताना त्या मनाशी म्हणाल्या, मी खरं बोलले तर लोरेलीही अडकेल, दुसऱ्याच्या नावानं परीक्षा दिली म्हणून तिला काढूनच टाकतील. हे कारण खरं होतं. सोयीचंही होतं, आणि तेच मॅमना सलत होतं.

प्रात्यक्षिकाची तयारी आमच्याकडे होते तशी झाली. वर्गात तोच धडा इतक्यांदा घेतला की पोरांना प्रश्नाआधी उत्तर यायला लागलं. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा, म्हणजे पाहुण्यांना सगळा वर्ग हुशार दिसतो. हे पोरांना पहिलीपासून माहीत असतं. कुठलं बटण कधी दाबायचं ते लोरेलीनं मॅमकडून घोकून घेतलं. मॅमचं बोट भलत्याच बटणावर जायचं. एकदा त्या वैतागल्या, “मला हे मेलं यंत्र ओळखत नाही गं.”

“तुम्ही तरी त्याला कुठे ओळखता?” लोरेली म्हणाली. ती हसून म्हणाली, पण पूर्वीसारखी नाही.

त्या दिवशी वर्ग गच्च भरला. मागे पाच शाळांचे शिक्षक, पुढच्या खुर्चीत तालुक्याच्या शिक्षणाधिकारी मॅम क्लोटिल्डे, हातात पंखा, गळ्यात मोत्यांची माळ. धडा होता पानांचा, झाड अन्न कसं तयार करतं त्याचा. मॅम पुरिंगनी बटण दाबलं, पान हिरवं झालं. दुसरं दाबलं, सूर्य उगवला. प्रश्न विचारला तर सगळे हात वर. उजव्या हाताची पोरं बघून त्यांनी उभी केली आणि पोरांनी खणखणीत उत्तरं दिली. मागून कुणीतरी “वा!” म्हणालं. मॅमच्या पाठीवरून घाम वाहत होता, पण संपत आलं होतं.

टाळ्या झाल्या. मॅम क्लोटिल्डे उठल्या. बाई मनानं चांगली, कौतुक करायला हात आखडता न घेणारी. म्हणाल्या, “सुंदर! आता एकच करा, मॅम. तुमच्या अभ्यासक्रमातलं शेवटचं काम आम्हा सगळ्यांना दाखवा. मनिलाहून त्याचं खास कौतुक आलंय. तुमचं पान उघडा ना इथेच.”

हे घोकलेलं नव्हतं. पडद्यावर मॅमचं नाव आलं आणि खाली रिकामी चौकट. पासवर्ड.

मॅम पुरिंग त्या चौकटीकडे बघत राहिल्या.

“विसरलात?” मॅम क्लोटिल्डे हसल्या. “आपल्या वयाला होतं. वाढदिवस टाकून बघा. नाहीतर नवऱ्याचं नाव!”

सगळे हसले. मॅमनी खरंच तोमासचं नाव टाकलं. चूक. वाढदिवस टाकला. चूक. वर्गात हातातले पंखे हलायचे थांबले. एका पोरानं मॅमना मदत म्हणून डावा हात वर केला.

तेव्हा लोरेली भिंतीपासून निघाली, टेबलाशी आली, वाकली, आणि एक शब्द न विचारता तिनं तो पासवर्ड टाकला. मॅमच्या तोंडाकडेही बघितलं नाही. बोटं आपोआप गेली, रोजच्या सवयीनं जावीत तशी. पान उघडलं.

वर्गातल्या प्रत्येकानं ते पाहिलं. प्रत्येकाला कळलं. आणि आमची माणसं अशा वेळी जे करतात तेच सगळ्यांनी केलं, म्हणजे काहीच पाहिलं नाही. एक जण खिडकीबाहेर बघू लागला. दुसरी म्हणाली, “इथे नेट बाकी चांगलं आहे हं.” मॅम क्लोटिल्डेंनी ते काम न बघताच बघितलं, “छान, छान,” म्हणाल्या आणि पंखा जोरजोरात हलवला. “चला सर, डुकराचा वास दरवळतोय.” कुणी ओरडलं असतं, रागावलं असतं, तर मॅम पुरिंगना सोपं गेलं असतं. त्या सगळ्यांच्या सभ्यपणानं त्यांची कातडी सोलून निघत होती.

झाडाखाली जेवण मांडलं. भाजलेलं डुक्कर, शेवया, चिकट भात. येणारा जाणारा मॅमच्या हाताला हात लावून म्हणत होता, “अभिनंदन, मॅम,” आणि नजर ताटात ठेवत होता. मॅम म्हणत होत्या, “आभारी आहे.” एवढ्यात पलीकडून मॅम क्लोटिल्डेंचा आवाज आला. त्या सर अनासेतोंना हळूच सांगत होत्या, “सेबूला यंदा दुसऱ्या शाळेतून पाठवते मी कुणाला. मॅमना प्रवास झेपायचा नाही.”

“आणि आमची लोरेली?” सरांनी विचारलं.

“ती नको,” मॅम क्लोटिल्डे म्हणाल्या. “उगीच चर्चा नको.”

मॅम पुरिंग ताट घेऊन तशाच उठल्या. त्यांच्या तोंडून निघालंच, “मॅम, ते मार्क खरे—”

मनगटावर हात पडला. लोरेली शेजारी येऊन बसली होती. चेहऱ्यावर हसू होतं, लोकांना दाखवायचं. दातांमधून ती म्हणाली, “बसा, नांग.”

“मला सांगू दे गं. सगळ्यांसमोर सांगते.”

“तुम्हाला मोकळं वाटेल. माझी नोकरी जाईल. आता त्यांना माहीत आहे, पण कुणी बोललेलं नाही. बोललं की लिहावं लागतं त्यांना. हात जोडते, बसा.”

मॅम पुरिंग बसल्या. खरं बोलायचा हक्कसुद्धा आपला राहिला नाही, हे त्यांना तेव्हा समजलं. लोरेली ताटं गोळा करायला निघून गेली.

रिकाम्या जागेवर पलीकडच्या शाळेच्या मॅम बेबिंग येऊन टेकल्या. मॅमच्याच वयाच्या, ताटात डुकराची खरपूस कातडी. इकडेतिकडे बघून त्या कानाशी आल्या.

“पुरिंग, तुझी ही पोरगी कामाची दिसते. माझाही कोर्स राहिलाय. काय घेते गं? की नुसतं खायला घातलं तरी करते?”

लोरेलीला लोक आता हे समजणार होते, दुसऱ्याच्या परीक्षा देणारी पोरगी. आणि तिला ते करायला पहिल्यांदा मॅम पुरिंगनीच सांगितलं होतं.

“ती माझी पोरगी नाही, बेबिंग. ती माझी शिक्षिका आहे. मला शिकवते.”

“हो?” मॅम बेबिंगनी कातडी कुरकुरवली. “मग शिकलीस काय? पासवर्ड तर तिलाच येतो.”

मॅम पुरिंग ताट तिथेच ठेवून उठल्या.

लोरेली शाळेमागच्या नळावर पातेली घासत होती. जेवणावळ संपली की कंत्राटी शिक्षकांच्या वाट्याला हेच येतं. मॅम जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“इंदाय, सेबू माझ्यामुळे गेलं.”

“गेलं,” लोरेली म्हणाली.

आमच्याकडे अशा वेळी समोरचा म्हणतो, अहो असू दे, त्यात काय एवढं. मॅम तेच ऐकायला थांबल्या होत्या, हे त्यांना ते न ऐकू आल्यावर कळलं. लोरेली घासत राहिली.

“मी काय करू, सांग.”

“पातेलं धरा. घसरतंय.”

मॅमनी पदवीदान समारंभाचा आपला चांगला ड्रेस सावरला, उकिडव्या बसल्या आणि पातेलं धरलं. तेलकट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.

“मला शिकव,” मॅम म्हणाल्या. “पहिल्या धड्यापासून.”

“आता कशाला? सर्टिफिकेट तर मिळालं.”

“म्हणूनच.”

लोरेलीनं पातेलं उपडं घातलं, हात स्कर्टला पुसले. तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. “शनिवारी या घरी. मी समोर बसेन, बटणाला हात लावणार नाही. चुकलात तर चुकू देईन. हसू आलं तर हसेन.”

“हस,” मॅम म्हणाल्या.

“आणि येण्याआधी पासवर्ड बदलून या. कसा बदलायचा ते ज्याला विचारायचं त्याला विचारा.” लोरेलीनं पुढचं पातेलं ओढलं. “नवा मला सांगू नका.”