चकचकीत ठिपके

भाचीने प्रयोगशाळेत झाकलेल्या दोन बश्या पुढे ठेवल्या. एकीत जंतूंचे ठिपके पाकात बुडवल्यासारखे चकाकत होते, दुसरीत अगदी फिके होते.

“मामा, चकाकतंय ते साखरेचं आवरण. ते बनवणारं जनुक काढलं की हे असे फिके पडतात. मग शरीर त्यांना लगेच ओळखतं.”

“मामीला न्यूमोनिया झाला, तो यांच्यामुळेच?”

“हो, याच चकचकीत जातीमुळे.”

मला त्या ठिपक्यांचा मत्सर वाटला. शेवटचे नऊ दिवस तिचा नवरा असूनही मला अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर थांबवलं होतं. हे मात्र साखर पांघरून आत शिरले आणि तिच्या तापलेल्या श्वासांत राहिले. तिचा शेवटचा श्वास कसा होता, ते यांनाच ठाऊक.

भाची बश्या उचलू लागली.

“राहू दे गं जरा,” मी म्हणालो.