एक जूनची यादी

आमच्या यादीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. एक जून. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहून मोकळे. त्यांचं काम भागलं. त्याची फळं हिंगोलीत माझ्या टेबलावर येऊन पडतात.

मी एका मोठ्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत आहे. नोकरीत असताना माणूस गेला, की त्याच्या घरातल्या एकाला नोकरी द्यायची असते. त्यासाठी थांबलेल्यांची यादी माझ्याकडे. मीही तिच्यातूनच आले. वडील गेले म्हणून ही खुर्ची मिळाली, हे मी विसरत नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं केली तो फार आशावादी असावा. इथं माणसं दहा-दहा वर्षं थांबतात. आणि पंचेचाळीस पूर्ण झाली, की नाव वगळायचं, असा नियम आहे. जागा भरायची फाइल कुणाच्या टेबलावर अडली, ते नियम विचारत नाही. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पट्टी लावून लाल रेघा ओढते आणि खालचे आपोआप वर सरकतात.

बाहेरच्यांना एवढंच ठाऊक होतं, की जूनमध्ये यादी सरकते.

सेनगावकडच्या एका तांड्यावरची बाई दर महिन्याला यायची. तिचा नवरा आमच्याकडे परिचर होता, आठ दिवसांच्या तापात गेला. ती मोंढ्याच्या बाजारात हळद निवडायला यायची आणि काम सुटलं की तशीच पायी माझ्याकडे. "ताई, माजा नंबर?" एवढंच विचारायची. एका जूनमध्ये तिचा नंबर सातावरून चारावर आला. दुसऱ्या दिवशी ती पाव किलो पेढे घेऊन हजर.

"तिघं लागले वाटतं," ती म्हणाली. "लई बरं झालं. त्यायच्या लेकरायचं भलं झालं."

त्या तिघांच्या नावांवर मी आदल्याच दिवशी रेघ ओढली होती. मी तोंड उघडलं, ते पेढा घालायला. खोटं तर बोलले नाही ना, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मी घाबरले होते. तिच्याही अर्जावर एक जूनच होता आणि तिच्याकडे दोनच वर्षं उरली होती.

दिवाळीनंतर तांड्यावरच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला चालून आलं. ती मला विचारायला आली, "घेऊ का, ताई?"

घ्या, डोळे मिटून घ्या, असं सांगायची वेळ तीच होती. मी फाइल चाळत म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा."

"चार नंबर हाय माजा," तिनंच हिशेब लावला. "हितली ऑर्डर आली की ते सोडावंच लागंल. मंग दुसरीची जागा काहून अडवू?"

ते काम तिच्या जावेला मिळालं. पुढच्या जूनमध्ये आणखी दोन नावं गेली. ती दोन नंबरवर आली आणि पुन्हा पेढे आले. मी पुन्हा खाल्ले. माझी मलाच शिसारी येते, पण खाल्ले हे खरं.

यंदाच्या जूनमध्ये तिच्या नावावर रेघ ओढली. कळवायचं पत्रही मीच टाइप केलं. दहा दिवसांनी ती पत्राची घडी हातात धरून आली. "पोरीनं वाचून दावलं," ती म्हणाली. "कागदात काई चुकलं का माजं?"

"नाही. पंचेचाळीस झाली."

ती खाली बसली नाही. "मंग ते तिघं? ते लागले न्हवते?"

"नाही."

टेबलावर मिठाईचा डबा होता. सकाळीच तीन नंबरचा माणूस ठेवून गेला होता. तिनं तो पाहिला.

"हे कोनं आनले?"

"तुमच्या खालच्यानं. त्याचा नंबर वर आला."

"माज्या जागंवर." ती रडेल असं मला वाटलं. तिनं रडावं, मला शिव्या द्याव्यात, असंही वाटलं. ती म्हणाली, "आन् माजे पेढे तुमी खाल्ले."

"खाल्ले."

"त्याचा जून कवा हाय?"

मी अर्ज काढून पाहिला. "पुढच्या साली."

"मंग त्याला सांगा. आत्ताच सांगा. त्याच्या हाती कोनतं काम येऊन राहिलं असंल, त्यो बी सोडून दील."

अर्जावर त्याचा मोबाइल नंबर होता. मी फोन लावेपर्यंत ती टेबलासमोर उभीच राहिली.